‘माझा आवडता छंद’ कोणासाठी लिहायचा?

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. कला आणि वाणिज्य शाखांच्या द्वितीय वर्षाचा लेखनकौशल्याचा अभ्यासक्रम माझ्याकडे आहे. ‘मोबाइल : शाप की वरदान’ अशा ठरावीक विषयांवर मुले गाइडमधून उतरवून आणतात, म्हणून या सत्रात मी ‘आपापल्या आवडीच्या विषयावर लिहा’ असे सांगितले. निम्म्याहून अधिक वह्यांत मोबाइलवरून उतरवलेला मजकूर आला. एका मुलाने फुटबॉलवर लिहिले, पण ते असे : ‘फुटबॉल हा जगातील लोकप्रिय खेळ आहे. प्रत्येक संघात अकरा खेळाडू असतात.’ हाच मुलगा वर्गाच्या दारात उभा राहून मित्रांना शाहू स्टेडियमवरचा सामना सांगतो, तेव्हा जाता जाता मीही थांबून ऐकते. एका मुलीचे वडील गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारे कारागीर आहेत. तिने लिहिले, ‘गूळ आरोग्यास उत्तम असून त्यात लोह असते.’ बरेच जण तर ‘मॅडम, आम्हाला तसली काही आवडच नाही’ म्हणून मोकळे झाले. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की आवडीनिवडीचे लाड पुरवले तर परीक्षेत अर्ज आणि वृत्तान्त कोण लिहिणार? मी चुकीच्या वाटेने निघाले आहे का? आणि एवढ्या मोठ्या वर्गाच्या वह्या एकटीने तपासायच्या कशा? (नाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही चुकीच्या वाटेने निघालेल्या नाहीत. वाट मात्र अर्धीच चालून झाली आहे. तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची नोंद तुम्ही ओझरती केली आहे. तो मुलगा दारात उभा राहून सामना सांगतो तेव्हा तुमचे पाय थांबतात, आणि वहीत मात्र तो संघात अकरा खेळाडू असतात एवढेच सांगू शकतो. दोन्हीकडे आवड तीच, माहिती तीच, मुलगाही तोच. बदलला आहे तो समोरचा माणूस. दारातल्या मित्राने सामना पाहिलेला नाही आणि त्याला तो ऐकायचा आहे. वहीपलीकडच्या शिक्षिकेला मात्र सगळे आधीच ठाऊक असते, तिला फक्त गुण द्यायचे असतात, अशी त्या मुलाची शाळेत गेल्यापासून पक्की झालेली समजूत आहे. तुम्ही विषय बदललात, पण वाचक तोच राहिला, आणि म्हणून ‘मोबाइल : शाप की वरदान’ या निबंधाची भाषा जशीच्या तशी फुटबॉलवर येऊन बसली. माझे म्हणणे एवढेच आहे की विद्यार्थ्याच्या आवडीचा विषय जरूर घ्या, परंतु त्या विषयातला जाणकार तो आहे हे मान्य करून तुम्ही स्वतः न जाणणाऱ्या आणि खरोखर जाणून घेऊ पाहणाऱ्या वाचक व्हा. पुढचा सगळा सल्ला यातूनच निघतो.

फुटबॉलच्या वहीपासूनच सुरुवात करू. त्या दोन वाक्यांखाली ‘विस्तार करा’ असा शेरा लिहू नका, कारण विस्तार म्हटले की तो खेळाचे नियम आणि परदेशी खेळाडूंची नावे भरत जाईल. त्याऐवजी तुम्हाला ज्याचे उत्तर येत नाही असे प्रश्न लिहा. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींचे फुटबॉल संघ कसे झाले? पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे बाहेरगावच्या माणसाला ऐकवली तर तो मैदानाऐवजी आखाडा शोधेल. त्याला हे कसे समजावून सांगशील? सामन्याच्या दिवशी सकाळपासून तुझ्या पेठेत काय बदलते? तू स्टेडियममध्ये नेमका कोणत्या बाजूला बसतोस आणि तिथेच का? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. त्यानंतर तुमच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या लहान मुलांमध्ये काही फरक पडला का? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर गाइडमध्ये मिळणार नाही, आणि प्रत्येकाचे उत्तर देताना त्या मुलाला निवड करावी लागेल, क्रम लावावा लागेल, माहीत नसलेल्या माणसाला काय आधी सांगायचे आणि काय नंतर, याचा विचार करावा लागेल. लेखनकौशल्य म्हणून आपण वर्गात शिकवू पाहतो ते हेच आहे.

गुळव्याच्या मुलीच्या वहीत तर माझे मन अधिक अडकले. गुळात लोह असते हे वाक्य तिने कुठून तरी उचलले आहे. तिच्या घरात जे ज्ञान रोज वावरते, ते लिहिण्याच्या लायकीचे आहे असे तिला आजवर कोणी सांगितलेले नाही. तिला एकच प्रश्न विचारा : पाक झाला हे तुझ्या वडिलांना कसे कळते? ती म्हणेल, ‘मॅडम, ते गोळी बघतात.’ म्हणजे काय, हे विचारत राहा. मग हळूहळू निघेल की काहिलीतला, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईतला थोडा पाक थंड पाण्यात टाकून वडील तो बोटांनी वळून पाहतात, गोळी वळली एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही, ती कठीण जागी आपटल्यावर येणारा आवाज ते ऐकतात आणि मग काहील उतरवायला सांगतात. त्याआधी उतरवली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर रंग काळवंडतो, आणि हे ठरवायला हाताशी वेळ फार थोडा असतो. रसातली मळी वर आणण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस का घालतात, काहिलीखालच्या चुलवाणातला जाळ कोण सांभाळतो, त्याला गुळव्या काय आणि कसे सांगतो, हेही ती सांगेल. हे तिच्या हातून कागदावर उतरले की लोहाचे वाक्य तुम्हाला खोडावे लागणार नाही. ते तिथे शोभत नाही हे तिचे तिलाच दिसेल. विद्यार्थ्याला स्वतःचे वाक्य स्वतः काढून टाकावेसे वाटणे याला मी लेखनशिक्षणातील पहिली मोठी पायरी मानतो.

इथे एक पथ्य पाळावे लागते. त्यांच्या आवडीत आपल्यालाही फार रस आहे असा आव आणू नका. मुले रील पाहतात म्हणून शिक्षकाने रीलच्या भाषेत बोलू लागणे मुलांना लगेच कळते आणि त्यांना ते अवघडल्यासारखे होते. तुम्हाला मोबाइलवरचा खेळ कळत नसेल तर तसे सरळ सांगा. तुमचे न कळणे हेच इथे तुमचे साधन आहे, कारण त्यामुळेच तुमचा प्रश्न खरा ठरतो. उलट एखाद्या विषयात तुम्ही स्वतः मुरलेल्या असाल, समजा जुन्या मराठी चित्रपटांचा तुम्हाला नाद असेल आणि एखाद्या मुलाने कोल्हापूरच्या जुन्या जयप्रभा चित्रपट स्टुडिओवर लिहायला घेतले असेल, तर त्याची वही पहिल्यांदा दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वाचायला द्या. नाहीतर जे त्याने लिहिले नाही तेही तुम्ही मनाने भरून घ्याल.

आपल्या शहराला ही दृष्टी नवी नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांचा स्वतःचा अनुभव, त्यांची जिज्ञासा यांना शिक्षणाच्या मध्यभागी आणले. ती प्राथमिक शाळा होती आणि आपण महाविद्यालयाविषयी बोलत आहोत, तरीही तिथे जे सहा-सात वर्षांच्या मुलाला मिळू शकते ते एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाला नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही.

आता ‘आम्हाला आवडच नाही’ म्हणणाऱ्यांविषयी. त्यांना आळशी समजू नका. सुझान हिडी आणि अॅन रेनिंगर या अभ्यासकांनी २००६ मध्ये आवडीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात एखाद्या प्रसंगाने, बाहेरून, आवड नुसती चाळवली जाते. मग कोणाच्या तरी आधाराने ती टिकते. नंतर ती माणसाची स्वतःची होऊ लागते. आणि शेवटच्या टप्प्यावर ती इतकी रुजते की अडचण आली तरी सुटत नाही. आपण वर्गात ‘तुमची आवड लिहा’ म्हणतो तेव्हा प्रत्येकाची आवड चौथ्या टप्प्यावर असल्याचे गृहीत धरतो. जो मुलगा पहाटे दुधाच्या किटल्या घालून, मग एसटीने कॉलेजला येतो आणि संध्याकाळी दुकानात काम करतो, त्याला छंद विचारला तर तो गप्पच बसणार. म्हणून आवड विचारूच नका. असे विचारा : लोक तुझ्याकडे काय विचारायला येतात? घरातले कोणते काम तुझ्याशिवाय अडते? गेल्या महिन्यात तुझा कोणाशी आणि कशावरून वाद झाला? कोणती गोष्ट लोक चुकीची सांगतात आणि तुला राहवत नाही? पावसाळा आला की तुला कशाची काळजी लागते?

या शेवटच्या प्रश्नावर मी जरा थांबतो, कारण आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांकडे त्याचे उत्तर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळेच बातम्यांत वाचतो. पण प्रयाग चिखलीच्या, आंबेवाडीच्या किंवा शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या मुलाला त्यापलीकडचे माहीत असते : किती फुटांवर आपल्या गल्लीत पाणी येते, कोणता रस्ता आधी बंद होतो, जनावरे कधी हलवायची आणि घरातले कोण हलायला तयार नसते, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आजी काय आवरायला घेते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर या मुलांनी शाळकरी वयात पाहिले आहेत. हा छंद नव्हे, पण हा त्यांच्या जिवाशी जोडलेला विषय आहे, आणि आवड या नावाखाली त्याला जागा द्यायलाच हवी. मात्र तो विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला असावा. ज्याचे घर गेले त्याला घर गेल्याविषयी लिहायला लावणे हा अभ्यास नव्हे. त्याला हवे असेल तर तो गावासाठी पूरकाळातील सूचनापत्रक लिहील आणि स्वतःच्या दुःखाविषयी एक अक्षरही लिहिणार नाही. तेही पूर्ण लेखनच आहे.

याच संदर्भात तुम्हाला एक इशारा द्यायचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या आवडीतून लिहून घ्यायचे ठरवले की आपल्यासारख्या शिक्षकांचा ओढा स्थानिक परंपरेकडे जातो. तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती, चप्पल, गूळ यांवर कोणी लिहिले की आपल्याला बरे वाटते, आणि कोरियन मालिकांवर लिहिणाऱ्या मुलीकडे आपण जरा नाराजीने पाहतो. असे करू नका. चप्पल बनवणाऱ्या घरातल्या मुलीने चपलेवरच लिहावे, हा आग्रह वरवर कौतुकाचा दिसला तरी आतून तो तिला जन्माच्या धंद्याशी बांधून ठेवणारा असतो. शिवाय भरवर्गात ‘घरचा व्यवसाय काय’ हे विचारणे म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा जात विचारण्यासारखेच होते. ज्या शाहू महाराजांनी १९०२ मध्ये आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्यांच्या गावात शिकवणाऱ्याने हे भान विशेष ठेवावे. विषय नेहमी कागदावर, खाजगीत मागवा, आणि पहिल्या दोन आठवड्यांत तो बदलण्याची मुभा द्या.

एखाद्या विद्यार्थ्याने आपण होऊन चपलेचा विषय घेतलाच, तर मात्र तो विषय किती दूर नेता येतो ते पाहण्यासारखे आहे. जून २०२५ मध्ये मिलान इथल्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, श्रेय दिले नाही म्हणून इथे संताप उसळला, आणि मग कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन (जीआय) महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे. मानांकनाने नेमके काय संरक्षित होते, नाव की घडण? बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे आणि चामड्याच्या वादीची शिलाई न वापरता केलेल्या चपलेला बाजारात कोल्हापुरी म्हणून विकतात, त्याचे काय? कारागिराच्या हाती नेमके किती पडते? इथे वादलेखनाला लागणारे सगळे आहे : दोन बाजू, पुरावे, कायद्याचा मुद्दा आणि लिहिणाऱ्याची स्वतःची भूमिका.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या आक्षेपाला मी गांभीर्याने घेतो, कारण परीक्षा खरी आहे आणि तुमच्या विद्यार्थ्यांना ती द्यायची आहे. आवड आणि कष्ट हे एकमेकांचे शत्रू आहेत असे धरून चालल्याने हा आक्षेप निर्माण होतो. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांना शिकवणारे जॉन ड्यूई यांनी १९१३ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर लिहिले. त्यांची भूमिका अशी की नीरस गोष्टीला वरून गोडी आणणे म्हणजे आवड नव्हे. ज्या कामात माणसाला स्वतःचे काही साधायचे असते त्यात तो कष्टही आपण होऊन घेतो. तेव्हा ‘लाड’ हा शब्द तुमच्या प्रयोगाला लागू होऊ नये यासाठी एक बांधणी करा : प्रत्येक विद्यार्थ्याने सत्राच्या सुरुवातीला एकच विषय घ्यावा आणि अभ्यासक्रमातले सगळे लेखनप्रकार त्याच विषयावर लिहावेत.

म्हणजे फुटबॉलचा मुलगा सामन्याची बातमी लिहील आणि पहिल्या वाक्यात निकाल सांगायला शिकेल. वृत्तान्तात तोच सामना कालक्रमाने येईल. सरावाच्या मैदानाच्या दुरवस्थेविषयी तो महानगरपालिकेच्या आयुक्तांना अर्ज लिहील, आणि संताप कितीही असला तरी अर्जात विषय, संदर्भ, मागणी यांचा क्रम का सांभाळावा लागतो हे त्याला तेव्हा कळेल. एखाद्या जुन्या खेळाडूची मुलाखत घेईल, स्पर्धेची जाहिरात करील, क्रीडापानावरच्या एखाद्या लेखाचा एक तृतीयांश सारांश करील. गुळव्याची मुलगी हेच गुऱ्हाळाविषयी करील. परीक्षेतले सगळे प्रकार झाले, आणि दर वेळी नवा विषय शोधण्यात जाणारी शक्ती वाचली. शिवाय एकाच सामग्रीला वेगवेगळ्या प्रकारांत घातल्याने प्रकारा-प्रकारांतला फरक तिला जितका नेमका दिसतो, तितका तो व्याख्या पाठ करून कधी दिसत नाही. परीक्षेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र अनोळखी विषयांवर सराव जरूर घ्या आणि ‘तुझ्या अर्जात तू जे केलेस तेच इथे कर’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. कमावलेले कौशल्य दुसऱ्या विषयावर आपोआप उतरते असे समजू नये, ती जोडणी शिक्षकानेच दाखवून द्यावी लागते.

फुटबॉलसाठी आणखी एक गृहपाठ सुचवतो. पेठापेठांतील चुरस कधी कधी समाजमाध्यमांवर शिवीगाळीपर्यंत जाते हे तुम्ही जाणताच. हरलेल्या सामन्याचे वर्णन प्रतिस्पर्धी संघाच्या समर्थकाच्या तोंडून, त्याला वाचून मान्य होईल असे, लिहायला सांगा. हे अवघड आहे, मुले कुरकुर करतील, आणि म्हणूनच ते करून घ्यावे.

प्रकल्पलेखनासाठी अमेरिकेतील लेखनशिक्षक केन मॅक्रोरी यांनी १९८०च्या सुमारास रूढ केलेली पद्धत आपल्याकडे चांगली चालेल. तीत विद्यार्थी चार गोष्टी क्रमाने लिहितो : मला आधी काय माहीत होते, मला काय शोधायचे होते आणि का, मी कसे शोधले, आणि शेवटी काय हाती लागले किंवा लागले नाही. यात ‘मी’ लिहायला परवानगी असते, आणि शोध फसला तरी तो प्रामाणिकपणे नोंदवला तर गुण जात नाहीत. ग्रंथालयाबरोबर माणसांनाही विचारावे लागते. मोबाइलवरून उतरवण्याच्या सवयीवर मला तरी हाच उपाय परिणामकारक वाटतो. चॅटजीपीटी गुळावर पानभर मजकूर देऊ शकेल. पण मंगळवारी संध्याकाळी कोणाला जाऊन भेटलीस, त्यांनी कोणता प्रश्न टाळला आणि त्यांच्या कोणत्या उत्तराने तुझा समज बदलला, हे ते सांगू शकत नाही. पहिला मसुदा वर्गातच, हाताने लिहून घ्या, आणि नंतर त्यातल्या एका वाक्यावर दोन मिनिटे बोलायला सांगा. पोलिसी तपासणीची गरज उरत नाही.

भाषेविषयी तुम्ही विचारले नाही, तरी हा प्रश्न येणारच आहे. पहिला मसुदा मुलांना बोलतात तसा लिहू द्या. दारात उभ्या मुलाच्या सांगण्यात जी गती आहे ती त्याच्या बोलीतून येते. पहिल्याच ओळीला ऱ्हस्व-दीर्घाची लाल शाई दिसली की तो पुन्हा अकरा खेळाडूंकडे वळेल. दुसऱ्या मसुद्यात प्रमाणभाषेचे व्याकरण कसोशीने पाहा, त्यात सवलत देऊ नका, कारण अर्ज आणि अहवाल या मुलांना पुढे प्रमाणभाषेतच लिहायचे आहेत. मात्र काहील, चुलवाण, वादी, चपलेचे कान हे शब्द पुसून त्यांच्या जागी पुस्तकी प्रतिशब्द घालू नका. वाचकाला अडेल असे वाटले तर तो शब्द वाक्यातच कसा उलगडायचा, हे शिकवा.

आता वह्यांचा प्रश्न. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला तासापुरतेच मानधन मिळते आणि तपासणीचे तास कोणी धरत नाही. म्हणून प्रत्येक वहीतील प्रत्येक चूक दुरुस्त करा असे सांगणे तुमच्यावर अन्याय करणारे होईल, आणि विद्यार्थ्यांना त्याचा उपयोगही फारसा होत नाही. पहिल्या मसुद्यावर तुम्ही एकच खूण करा : जिथे तुम्हाला आणखी ऐकावेसे वाटले ती जागा, आणि तिच्याशेजारी एक प्रश्न. बाकीचे प्रश्न वर्गाने विचारावेत. वेगवेगळ्या विषयांच्या दोघांची जोडी लावा, म्हणजे फुटबॉलवाल्यासमोर कोरियन मालिकावाली. एकाने पाच मिनिटे सांगायचे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचे आणि मग तीन प्रश्न लिहून द्यायचे. समोरच्याला विषय खरोखर माहीत नसल्यामुळे हे प्रश्न खरे असतात. व्याकरणाची सविस्तर तपासणी सत्रात एकदाच, विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या लेखनाची करा. गुण देताना विषय किती भारदस्त आहे हे पाहू नका. पहिल्या आणि शेवटच्या मसुद्यात काय बदलले, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आली का, लेखनप्रकाराचे नियम पाळले गेले का, एवढे पाहा, आणि हे निकष पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून द्या.

पुढच्या तासाला एवढ्या सगळ्याची गरज नाही. त्या मुलाला आणि त्या मुलीला त्यांच्या वह्या परत द्या, प्रत्येकी एकच प्रश्न लिहून. दुसरा मसुदा आला की दोन्ही मसुदे शेजारी ठेवून तुमच्या सहकाऱ्यांना वाचायला द्या. आवडीविषयीच्या चर्चेपेक्षा त्यांना ते अधिक पटेल. चांगले लेखन भित्तिपत्रकात किंवा महाविद्यालयाच्या नियतकालिकात लावण्याआधी लिहिणाऱ्याची परवानगी घ्या, आणि गुऱ्हाळाचा लेख तर त्याआधी तिने घरी वडिलांना वाचून दाखवावा. पाकाच्या गोळीविषयी काही चुकले असेल तर ते तुम्हाला किंवा मला कळणार नाही, त्यांना कळेल. ते सांगतील ती दुरुस्ती करून मगच छापायला द्या.